हिरव्या पाण्याचा किनारा : ब्रिटिश कोलंबियातील स्कूबा डायव्हिंग

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा किनारा नकाशावर पट्टी ठेवून मोजला तर जेमतेम हजार किलोमीटर भरतो. प्रत्येक खाडी, प्रत्येक बेट आणि प्रत्येक चिंचोळी वाट धरून मोजला, तर तो पंचवीस हजार किलोमीटरांच्या वर जातो. हा फरक हिमनद्यांनी घडवला. शेवटच्या हिमयुगात त्यांनी डोंगरांमधून खोल दऱ्या कोरल्या आणि बर्फ ओसरल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला. त्यामुळे इथला डोंगर पाण्याच्या काठाशी संपत नाही. उभ्या कड्याच्या रूपाने तो तसाच खाली उतरत जातो. व्हँकुव्हर बेट सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आहे. हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जॉर्जियाची सामुद्रधुनी आहे, तिच्या उत्तरेला डिस्कव्हरी पॅसेज, जॉन्स्टन आणि क्वीन शार्लट या सामुद्रधुन्या, तर दक्षिणेला हुआन दे फुकाची सामुद्रधुनी. थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्यांच्या दृष्टीने जगातल्या अव्वल जागांमध्ये या पट्ट्याची गणना होते.

स्कूबा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लक्षद्वीप, अंदमान किंवा मालदीव येते: निळेशार, काचेसारखे पाणी आणि प्रवाळांत फिरणारे रंगीत मासे. ब्रिटिश कोलंबियाचे पाणी हिरवे असते, पुष्कळदा गढूळ असते, आणि दहा-पंधरा मीटरांच्या खाली वर्षभर ७ ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. तरीही तिथल्या खडकाचा तळहाताएवढा भाग पाहिला तर त्यावर उघडा दगड सापडणे कठीण. स्पंज, समुद्रफुले, बार्नॅकल, नळीतले किडे आणि शेवाळे यांनी तो पुरता झाकलेला असतो, आणि त्यांच्या अंगावर आणखी कोणी वाढत असते. पाण्याचा गढूळपणा, त्याचा थंडावा, त्याचा ओढा आणि ही जीवसृष्टी या चारही गोष्टींचे मूळ एकच आहे. डायव्हरला जे जाचते तेच त्या प्राण्यांना पोसते, हे ध्यानात घेतले की या किनाऱ्याचा उलगडा होतो.

उष्ण कटिबंधातले पाणी स्वच्छ दिसते कारण त्यात फारसे काही नसते. वरचा कोमट थर हलका असल्याने खालच्या थंड थरावर तरंगत राहतो. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही पोषक द्रव्ये खालीच अडकतात आणि वर प्रकाश असूनही सूक्ष्म वनस्पतींना वाढता येत नाही. प्रवाळांचे खडक अशा गरीब पाण्यात टिकतात ते पोषक द्रव्यांची आपापसांत अत्यंत काटकसरीने देवघेव करून. ब्रिटिश कोलंबियात अडचण उलट आहे. उन्हाळ्यात वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषक पाणी वर येते. फ्रेझर नदीही आपल्या परीने हेच काम करते. तिचे गोडे पाणी सामुद्रधुनीच्या पृष्ठभागावरून समुद्राकडे वाहत जाते, आणि त्याची भरपाई म्हणून हुआन दे फुकातून खोलवरचे खारे पाणी तळाने आत ओढले जाते. मग भरती-ओहोटीचे प्रवाह चिंचोळ्या वाटांमधून हे सगळे घुसळून वर आणतात. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो आणि पाणी हिरवेगार होते. त्यावर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर हेरिंग, हेरिंगवर सॅमन, आणि सॅमनवर सील, सी-लायन आणि ऑर्का.

थंड पाण्यात प्राणवायूही अधिक मावतो. आठ अंशांच्या समुद्रपाण्यात अठ्ठावीस अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दीडपट प्राणवायू विरघळू शकतो. अजस्र आकाराचे अपृष्ठवंशी प्राणी इथे दिसण्यामागे मुबलक अन्नाबरोबर या गोष्टीचाही वाटा असावा.

खालून पोषक पाणी वर येण्याचे तत्त्व कोकणाला परके नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतही खालचे थंड पाणी वर येते. तारली आणि बांगडा यांच्या घोळांना त्याचाच आधार असतो. मालवण-तारकर्लीचे डायव्हिंग त्या महिन्यांत बंद असते, कारण समुद्र खवळलेला आणि गढूळ असतो. पण पावसाळ्यानंतरच्या मासळीची पेरणी त्याच दिवसांत होते.

प्रवाह हा इथल्या डायव्हिंगचा पहिला नियम ठरवतो. प्रशांत महासागराची भरती व्हँकुव्हर बेटाला दोन्ही टोकांनी वळसा घालून आत शिरते आणि हे दोन प्रवाह बेटाच्या पूर्व बाजूला, जॉर्जिया सामुद्रधुनीच्या उत्तर भागात भेटतात. जिथे ते भेटतात तिथे पाणी सुस्त असते आणि उन्हाळ्यात वरचा थर पोहण्याइतका कोमटही होतो. त्याच्या थोडे उत्तरेला, कॅम्पबेल रिव्हर गावाजवळच्या सिमूर नॅरोज या अरुंद वाटेत मात्र उधाणाच्या दिवशी प्रवाहाचा वेग पंधरा नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर होतो. चांगला डायव्हर पायांतले फिन मारून एक नॉटच्या प्रवाहाविरुद्धही फार काळ टिकू शकत नाही, एवढे सांगितले की या वेगाची कल्पना येईल.

याच वाटेच्या मध्यावर ‘रिपल रॉक’ नावाचा दोन शिखरांचा बुडालेला खडक होता. ओहोटीच्या वेळी त्याचा माथा पाण्याखाली तीन मीटरही नसे. शंभराहून अधिक जहाजे त्याच्यावर आणि त्याच्याभोवतीच्या भोवऱ्यांत फुटली किंवा बुडाली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. शेवटी जवळच्या बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणला गेला, खडकाच्या पोटात सुमारे १,२७० टन स्फोटके भरली गेली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी त्याचे शिखर उडवण्यात आले. अणुस्फोट वगळता तोवरच्या सर्वांत मोठ्या पूर्वनियोजित स्फोटांमध्ये त्याची गणना होते. प्रवाहाचा वेग मात्र त्याने कमी झाला नाही.

अशा ठिकाणी पाण्यात उतरायचे ते भरती संपून ओहोटी लागण्याच्या किंवा ओहोटी संपून भरती लागण्याच्या मधल्या वेळेत, पाणी थांबलेले असताना. या वेळेला तिथे ‘स्लॅक’ म्हणतात. नवख्याची गफलत इथेच होते. पाण्याची पातळी सर्वांत उंच किंवा सर्वांत खाली असण्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एक नसते. मोठी खाडी चिंचोळ्या तोंडाने भरत असेल, तर बाहेरची भरती संपल्यावरही आत पाणी शिरतच राहते, आणि दोन वेळांमध्ये बराच फरक पडतो. म्हणून कॅनडाची जलालेखन सेवा भरतीची कोष्टके आणि प्रवाहाची कोष्टके वेगवेगळी छापते. नाक्वाक्टो रॅपिड्स या जगातल्या अतिवेगवान प्रवाहांपैकी एका जागी स्लॅक काही मिनिटांपुरताच असतो. डायव्हर आधी येऊन होडीत तयार बसतात, तरंगणाऱ्या केल्प या लांब शेवाळ्याच्या शेपट्यांकडे पाहत राहतात, आणि त्या सैल पडू लागल्या की उतरतात. होडी हाकणारा वर सावध राहतो, कारण उशीर झालेल्या डायव्हरला उचलायला प्रवाहामागे जावे लागते. वेळेचा हा काटेकोरपणा इथे कौशल्याइतकाच महत्त्वाचा आहे; किंबहुना कौशल्यात त्याचाच भाग मोठा.

एवढा त्रास घेऊन या वाटांमध्ये उतरण्याचे कारण तिथल्या भिंतींवर दिसते. जागेला खिळलेल्या प्राण्याला अन्नाच्या मागे जाता येत नाही, अन्न त्याच्याकडे वाहत यावे लागते. प्रवाह जितका जोरकस, तितके ताट भरलेले. पोर्ट हार्डीच्या उत्तरेला नायजाय आणि बालाक्लावा या बेटांच्या मधल्या ब्राउनिंग पॅसेजमध्ये पाण्याखालची उभी भिंत आहे. तांबडे मृदू प्रवाळ, पिवळे स्पंज, पांढरी शुभ्र समुद्रफुले आणि त्यांच्या फटींतून डोकावणारे खेकडे यांनी ती अशी गच्च भरली आहे की एका हाताच्या जागेत अर्धा तास जावा. उष्ण समुद्रातल्या कोणत्याही प्रवाळभिंतीच्या तोडीची ही जागा आहे, आणि दाटीच्या बाबतीत तिच्याहून वरचढ.

थंडीचा प्रश्न उपकरणांनी सोडवावा लागतो. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. आठ अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने उतरलेल्या माणसाची बोटे काही मिनिटांत बधिर होतात, आणि बधिर बोटांनी झडप उघडता येत नाही की बक्कल सोडवता येत नाही. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीप्रमाणे हवा देणारे श्वसनयंत्र तयार केले आणि माणूस पाण्याखाली मोकळा झाला. थंड समुद्र मात्र त्यानंतरही बराच काळ मोजक्या धाडसी लोकांपुरताच राहिला. १९५० च्या दशकात निओप्रीन रबराचा वेटसूट आला. त्यात शिरलेले थोडे पाणी शरीराच्या उबेने गरम होते आणि रबरातले बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. पण खोलीबरोबर दाब वाढतो, बुडबुडे चेपतात आणि जिथे ऊब सर्वांत जास्त हवी तिथेच सूट पातळ होतो. म्हणून या किनाऱ्यावर बहुतेक जण ड्रायसूट वापरतात. त्यात पाणी शिरतच नाही; मान आणि मनगटांशी घट्ट पट्ट्या असतात, आत लोकरीसारखे जाड कपडे घालता येतात, आणि छातीवरच्या झडपेतून थोडी हवा आत सोडून उबेचा थर राखता येतो.

या हवेची किंमत मोजावी लागते. ती तरंगवते, म्हणून कमरेला आणि पाठीला बारा-पंधरा किलो शिसे बांधणे तिथे नेहमीचे आहे. वर येताना ती प्रसरण पावते, म्हणून दंडावरच्या झडपेतून सतत सोडावी लागते. पाय वर आणि डोके खाली झाले तर ती पायांकडे धावते, झडप निरुपयोगी होते आणि डायव्हर उलटा, अनावर वेगाने पृष्ठभागाकडे ओढला जातो. ड्रायसूटचे वेगळे प्रशिक्षण याच प्रसंगासाठी असते.

यंत्राचीही एक थंडीची खोड आहे. टाकीत दोनशे बारच्या आसपास दाबाखाली असलेली हवा रेग्युलेटरमध्ये, म्हणजे श्वसनयंत्रात, एकदम सैल होते आणि सैल होणारा वायू गार पडतो. आधीच गार असलेल्या पाण्यात तेवढ्याने आतल्या भागांवर बर्फ धरू शकतो. झडप उघडी अडकते आणि टाकी बदाबदा रिकामी होऊ लागते. युरोपीय मानकात दहा अंशांखालचे पाणी ‘थंड’ धरले जाते आणि त्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी होते. शरीरातल्या नायट्रोजनचे गणितही थंडीने बिघडते. तळाशी मेहनत करताना स्नायूंना रक्त भरपूर मिळते आणि नायट्रोजन चटकन शोषला जातो. परतीच्या वाटेवर गारठलेल्या हातापायांतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि तोच नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. वर येताना तो बुडबुड्यांच्या रूपात सुटला तर सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके मांडली. आजचे मनगटावरचे संगणक त्याच विचाराचे वंशज आहेत. पण डायव्हर किती कुडकुडतो आहे हे संगणकाला कळत नाही. म्हणून अनुभवी मंडळी त्याने दिलेल्या मर्यादेच्या बरीच आधी माघार घेतात.

प्रकाशाची कथा वेगळी. वसंतात आणि उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पतींच्या बहराने आणि फ्रेझरच्या पुराच्या गाळाने वरच्या काही मीटरांतले पाणी दाट होते, हात लांब केला तर बोटे धूसर दिसतात. हा थर ओलांडून खाली गेले की पाणी अनेकदा एकदम स्वच्छ होते, पण वरच्या थराने ऊन अडवलेले असल्याने भर दुपारी तिथे रात्र असते. टॉर्चशिवाय इथे कोणी उतरत नाही, आणि टॉर्च केवळ वाट दाखवायला नसतो. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळते, त्यामुळे खोलवर सगळे करडे-हिरवे दिसते. झोत टाकताच राखाडी भिंत शेंदरी, किरमिजी, केशरी होऊन उठते. सर्वांत चांगली दृश्यता हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळते. बहर ओसरलेला असतो, नदी आटलेली असते आणि वीस मीटर किंवा त्याहूनही पलीकडचे दिसते. किनाऱ्यावर पाऊस आणि बोचरा वारा असताना पाण्याखाली मात्र उन्हाळ्याइतकेच तापमान असते. जाणकार डायव्हर हिवाळाच पसंत करतात.

प्राण्यांमध्ये मान जातो तो महाकाय प्रशांत ऑक्टोपसला. जगातल्या सर्वांत मोठ्या ऑक्टोपसांपैकी हा एक. पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पसरलेल्या बाहूंची लांबी चार मीटरांवर जाते. त्याचे बीळ ओळखायची खूण म्हणजे दाराशी पडलेला खेकड्यांच्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग. एवढा देह तो तीन ते पाच वर्षांत कमावतो आणि एकदाच प्रजनन करतो. मादी बिळाच्या छताला हजारो अंडी माळांसारखी टांगते, सुमारे सहा महिने त्यांच्यावर पाणी फुंकत, त्यांना साफ करत बसते, त्या काळात काही खात नाही, आणि पिल्ले सुटली की मरते. हिवाळ्यात एखाद्या बिळात मादी बसली आहे हे कळले की आसपासचे डायव्हर तिथे झोत मारायचे टाळतात.

असे सौजन्य पूर्वी नव्हते. जॉर्जिया आणि हुआन दे फुका या सामुद्रधुन्या ज्यात येतात त्या सेलिश समुद्राच्या अमेरिकी बाजूला, टकोमा शहरात १९६३ मध्ये ऑक्टोपसशी कुस्ती खेळण्याची ‘जागतिक’ स्पर्धा हजारो प्रेक्षकांसमोर झाली. डायव्हर खाली जाऊन ऑक्टोपसला बिळातून ओढून वर आणत. २०१२ मध्ये सिएटलच्या एका लोकप्रिय डायव्हिंगच्या जागी एका तरुणाने कायद्याच्या चौकटीत राहून ऑक्टोपस मारला, तर त्यावर एवढा क्षोभ उसळला की पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने सात जागी ऑक्टोपस पकडण्यावर बंदी घातली. पन्नास वर्षांत मत इतके पालटले याचे श्रेय पुस्तकांपेक्षा प्रत्यक्ष भेटींना आहे. ज्या प्राण्याने टॉर्चकडे बाहू लांबवून चाचपून पाहिले, त्याला खेळणे समजणे कठीण जाते.

वुल्फ-ईल हा मासा पहिल्या भेटीत भीती घालतो. राखाडी, सुरकुतलेला, पुढे आलेल्या सुळ्यांचा चेहरा फटीतून बाहेर येतो. मागचे शरीर दोन मीटरांहून लांब असू शकते. नावात ईल असले तरी तो खरा ईल नव्हे. त्याचे दात समुद्री साळी (सी-अर्चिन) आणि खेकडे फोडण्यासाठी असतात आणि स्वभाव शांत असतो. नर-मादी एकाच बिळात दीर्घकाळ जोडीने राहतात आणि अंड्यांच्या गोळ्याभोवती वेटोळे घालून ती राखतात. लिंगकॉडमध्ये ही राखण एकटा नर करतो. हिवाळ्यात फेसाच्या गोळ्यासारखी दिसणारी अंडी खडकाच्या कपारीत असतात आणि नर त्यांच्यासमोर आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतो. आलेल्या डायव्हरवरही धावून जातो. त्याच दिवसांत हौशी डायव्हर हे गोळे मोजून नोंदवतात आणि त्यातून माशांच्या पैदाशीचा अंदाज येतो. रॉकफिशच्या बाबतीत माशांचीच अशी मोजदाद फार मोलाची ठरते. यांतल्या पिवळ्या डोळ्यांच्या जातीचे मासे शंभर वर्षांहून जास्त जगतात, उशिरा वयात येतात, आणि गळाला लागून खोलातून वर ओढले गेले की पोटातली वायूची पिशवी फुगून मरतात. नुसते परत सोडून देण्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून २००० च्या दशकात प्रांताच्या किनाऱ्यावर त्यांच्यासाठी १६४ संरक्षित क्षेत्रे आखण्यात आली. अशा माशाला मर्यादा घालून वाचवता येत नाही, जागाच सोडून द्यावी लागते.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात केल्पचे जंगल असते. बुल केल्प ही तपकिरी शेवाळ्याची जात वसंतात तळाच्या खडकाला धरून उगवते आणि एकाच हंगामात तीस मीटरांपर्यंत उंच होऊ शकते. टोकाला वायूने भरलेला फुगा तिला पृष्ठभागावर धरून ठेवतो. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो, ही वनस्पतिसृष्टीतली विरळाच गोष्ट. शरदात तिच्या पानांवरचे बीजाणूंचे पट्टे सुटून तिच्याच पायथ्याशी पडतात आणि हिवाळ्याची वादळे उरलेले धड किनाऱ्यावर फेकून देतात. इथल्या आदिवासी समाजांनी तिच्या देठाचे दोर वळून त्यांवर हॅलिबट मासा धरला आणि फुग्यात तेल साठवले.

या जंगलाचे भवितव्य एका केसाळ प्राण्याशी बांधलेले आहे. १७७८ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नूटका साउंडला पोहोचले, त्यांच्या खलाशांनी समुद्री पाणमांजरांची कातडी घेतली आणि पुढे ती चीनमध्ये भरमसाट दराने विकली गेली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत शिकारीने या किनाऱ्यावरची पाणमांजरे संपली. शेवटचे ज्ञात पाणमांजर १९२९ मध्ये मारले गेले. पाणमांजर जाड चरबीवाचून थंडीत जगते, म्हणून त्याला रोज आपल्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश अन्न लागते, आणि त्यात समुद्री साळी आवडीच्या. राखणदार गेल्यावर साळी बेसुमार वाढल्या आणि केल्पचे देठ कुरतडून त्यांनी मैलोन्‌मैल खडक उघडे केले. १९६९ ते १९७२ या काळात अलास्कातून ८९ पाणमांजरे आणून व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला सोडण्यात आली. त्यांची संख्या आता काही हजारांवर गेली आहे, आणि ती जिथे पोहोचली तिथे केल्प परतले, त्यासोबत माशांची पिल्लेही. या कथेत एक दुखरी बाजू आहे. पाणमांजरे नसताना खेकडे, शिंपले, अबलोन यांच्यावर किनाऱ्यावरच्या नू-चा-नुल्थ लोकांची उपजीविका चाले. आता त्या अन्नात मोठा वाटेकरी आला, आणि त्याला आणताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

माणसाने पाण्याखाली स्वतःहून ठेवलेल्या वस्तूही इथे आहेत. १९८० च्या दशकात स्थापन झालेल्या कृत्रिम खडक संस्थेने १९९१ मध्ये पहिले मालवाहू जहाज बुडवले आणि पुढे कॅनडाच्या नौदलाच्या निवृत्त नौका तळाशी नेल्या. ननायमो शहराजवळ ‘सस्कॅचेवान’ १९९७ मध्ये आणि तिच्याहून मोठी ‘केप ब्रेटन’ २००१ मध्ये बुडवण्यात आली; शेमेनस गावासमोर २००६ मध्ये चक्क बोइंग ७३७ विमानाचा सांगाडा उतरवला गेला. काही वर्षांतच त्यांवर पांढऱ्या समुद्रफुलांची दाट वस्ती झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रतळी उतरवण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली, तिची प्रेरणा जगभरच्या अशाच प्रयोगांत आहे. पर्यटनाला अशी जहाजे उपयोगी आहेत आणि नैसर्गिक खडकांवरचा डायव्हरांचा भारही ती हलका करतात. पण जहाज म्हणजे खडक नव्हे. त्यावरचा रंग, तेल, तारा आधी काढाव्या लागतात, आणि ते काम नीट झाले का यावर हाउ साउंडमध्ये २०१५ साली ‘अ‍ॅनापोलिस’ नौका बुडवताना तीव्र वाद झाला.

त्या वादाला जागेचे कारण होते. व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेच्या या फ्योर्डमध्ये काचस्पंजांचे खडक आहेत. सिलिका म्हणजे काचेच्याच द्रव्याचा सांगाडा असलेले हे स्पंज मेले तरी त्यांचे सांगाडे उभे राहतात, त्यांवर नवे स्पंज वाढतात आणि हजारो वर्षांत टेकड्या तयार होतात. असे खडक डायनासोरांच्या काळातल्या जीवाश्मांतूनच माहीत होते. १९८७ मध्ये उत्तरेकडच्या हेकेट सामुद्रधुनीच्या तळाचा नकाशा तयार करताना कॅनडाच्या भूवैज्ञानिकांना ते जिवंत सापडले. त्यांचे वय सुमारे नऊ हजार वर्षे. २०१७ मध्ये तो भाग सागरी संरक्षित क्षेत्र झाला. ते खोलवर आहेत, पण हाउ साउंडमधले काही स्पंज अनुभवी डायव्हरच्या आवाक्यातल्या खोलीत आहेत. फिनचा एक चुकीचा फटकारा शेकडो वर्षांची वाढ मोडू शकतो. तरंग नेमका राखणे ही इतरत्र नजाकतीची बाब असेल, इथे ती पात्रतेची अट असायला हवी.

हाउ साउंडमध्येच २०१३ च्या शरदात डायव्हरांना तारामासे विरघळताना दिसले. बाहू वाकडे होत, अंगावर पांढरे चट्टे पडत, बाहू तुटून स्वतंत्रपणे चालू लागत आणि काही दिवसांत तळावर पांढरा चिखल उरे. त्याच वर्षी उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर हाच रोग आढळला होता. पुढे मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत वीसहून अधिक जातींना त्याने गाठले. सर्वांत मोठा फटका बसला तो सूर्यफूल तारामाशाला. सोळा ते चोवीस बाहूंचा, मीटरभर रुंद होणारा हा शिकारी समुद्री साळींचा वैरी. जगातल्या त्याच्या एकूण संख्येपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. हाउ साउंडच्या तळावर पुढचा परिणाम लगेच दिसला: हिरव्या समुद्री साळी चौपट झाल्या आणि केल्प सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटले. पाणमांजर गेल्यावर घडले होते तेच आता दुसऱ्या राखणदाराच्या जाण्याने घडले.

या ऱ्हासाचे मोजमाप करता आले त्यात हौशी डायव्हरांच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. शास्त्रज्ञांच्या मोहिमा थोड्या आणि महाग. पण त्याच त्या जागी वर्षानुवर्षे उतरणारे, काय दिसले ते पाटीवर लिहून आणणारे आणि सर्वेक्षणात भरणारे लोक संपूर्ण किनाऱ्यावर होते. २०१९ मध्ये सूर्यफूल तारामाशाच्या कोसळण्याचा आणि समुद्राच्या तापमानवाढीचा संबंध दाखवणारे जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात या नोंदी आणि जाळ्यांनी केलेली खोलीवरची सर्वेक्षणे एकत्र वापरली होती. रोगाच्या कारणाचा शोध दशकभर चालला. आधी एका विषाणूवर संशय घेतला गेला, तो टिकला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी ‘व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा’ हा जीवाणू कारणीभूत असल्याचे सिद्ध केले. निरोगी प्राण्यांना त्याचा संसर्ग करून रोग घडवून आणता आला आणि रोगी प्राण्यांच्या शरीरद्रवात तो सापडला. व्हिब्रिओ गटातले जीवाणू उबदार पाण्यात जोर धरतात. प्रांताच्या मध्य किनाऱ्यावरच्या थंड फ्योर्डांमध्ये सूर्यफूल तारामासे आजही आढळतात, आणि वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत त्यांची पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. त्यांतली कोणती समुद्रात सोडायची आणि कुठल्या पाण्यात, हे ठरवण्यासाठी आता रोगाची चाचणी उपलब्ध आहे.